ऊस कुणी बघितला

स्वाती,

तुझ्या दशक्रियेला कावळा लगेच शिवला. घाटावर पिंड ठेवून तुझ्या मामाचा मुलगा चार पावलं मागं सरकला, तेवढ्यात तो उतरला आणि घास घेऊन गेलासुद्धा. शेजारी उभा असलेला तात्या माझ्या कानाशी म्हणाला, "पोरीची कायबी इच्छा राह्यली न्हवती बघ." मी मान हलवली, पण आतून मला रागच आला. कावळा खोळंबला की लोक एकेक करून पुढं होतात, हात जोडून काहीबाही कबूल करतात. मीही पुढं होणार होतो. दहा वर्षं जे तुला सांगितलं नाही, ते तिथं नदीकडे तोंड करून सांगायचं असं घरून ठरवून आलो होतो. तू तेवढीही सवड दिली नाहीस.

मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं झाली. कॉलेजचे प्राचार्य बोलले, तुझी एक विद्यार्थिनी बोलली आणि शेवटी तात्यानं माईक हातात घेतला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस. त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. त्यानं ती गोष्ट सांगितली. मुंबईच्या कंपनीचा फोन आला, नानांना, म्हणजे मला, वाटलं स्वातीसाठी स्थळाची चौकशी आहे, आणि नानांनी पोरीचे गुण असे काही गायले की कंपनीनं तिला घेतलंच नाही. लोक हसले. डोळे पुसता पुसता तुझी आईही हसली. मी चपलांकडे बघत बसलो.

ही गोष्ट तू स्वतःच किती वेळा सांगितली होतीस. पाहुण्यांत, कॉलेजच्या सहलीत, माझ्यासमोर माझीच नक्कल करून. तुझ्यामुळं ती घराची गोष्ट झाली. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी फक्त मला ठाऊक आहे. निदान आजवर मी तसं धरून चाललो.

तू त्या नोकरीसाठी अर्ज केलास तेव्हाचं आठवतं का? दोन वर्षं तू माझ्या माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करत होतीस. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर देवळालीच्या रस्त्याला दोन खोल्यांत मी ती काढली होती. शेतकरी पिशवीत माती आणायचे, मी तपासायचो, तू अहवाल लिहायचीस आणि उरलेल्या वेळात तुझ्या परीक्षांचा अभ्यास करायचीस. थोरले भाऊ, म्हणजे तुझे वडील, तू नववीत असताना गेले होते; तुझी काकू गेल्यापासून मीही तुमच्याच घरी जेवत होतो. एका संध्याकाळी जेवताना तू म्हणालीस की गुंतवणूक संशोधनाच्या जागेसाठी मुंबईहून बोलावणं आलंय. वहिनींनी विचारलं, ते काय असतं. तू म्हणालीस, लोकांचे पैसे कुठल्या कंपनीत लावायचे आणि कुठल्या नाही, ते आधी त्या कंपनीची सगळी माहिती काढून सांगायचं.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी स्थळाची चौकशीच की."

तू ताटावर वाकून हसलीस. "अगदी तेच, आई. घर दाखवतात तसं हाय का, ते मागच्या दारानं जाऊन बघायचं."

मग त्या मुलाखतींचं गुऱ्हाळ सुरू झालं. मला अजूनही त्याची चीड येते. आधी पुण्यात लेखी परीक्षा. मग फोन. मग संगणकावर समोरासमोर. तेव्हा आपल्याकडे विजेचा भरवसा नव्हता आणि इन्व्हर्टर फक्त प्रयोगशाळेत होता, म्हणून तू मातीच्या पिशव्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचीस. पलीकडचा माणूस काहीतरी खात खात विचारत होता, पुणे शहरात केस कापायची दुकानं किती असतील? तू माणसं धरलीस, डोकी धरलीस, महिने धरलेस आणि एक आकडा सांगितलास. तो नुसता "हं" म्हणाला. मग म्हणाला, मागं पिशव्या कसल्या आहेत? तू म्हणालीस, माती आहे. तो हसला. का हसला ते मला कळलं नाही. पुढच्या फेरीत दुसऱ्या माणसानं पहिल्यापासून तेच विचारलं. वडील काय करायचे, मुंबईत राहशील कुठं, इंग्रजी माध्यम होतं का. प्रत्येक फेरीनंतर "कळवतो", आणि मग पंधरा-पंधरा दिवस काही नाही. तू भाकरी थापताना मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवायचीस. पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता, असं कुणीतरी विचारलं त्या दिवशी तू घरी येऊन म्हणालीस, "मनात आलं हुतं सांगावं, श्रीरामपूर स्टँडवर, देवळालीच्या गाडीची वाट बघत."

तरी तू एकेक फेरी पार करत गेलीस. चौथ्या फेरीला त्यांनी सगळ्या उमेदवारांना एकच काम दिलं. शेअर बाजारातली एक साखर कंपनी, दुसऱ्या जिल्ह्यातली. तिचा अभ्यास करून पैसे लावावेत की नाही ते लिहून आणायचं आणि चार जणांसमोर मांडायचं. तुझा चेहरा उजळला. म्हणालीस, नाना, आता आपल्या गल्लीत आले.

मीही खूश झालो, हे खोटं नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते, त्याला उतारा म्हणतात, आणि सगळा कारखाना त्या एका आकड्यावर चालतो. तो कसा काढतात, रस कुठं तपासतात, चोथ्यात किती साखर वाया जाते, हे सगळं मी तुला दोन संध्याकाळी बसून शिकवलं. तू शाळेतल्यासारखी लिहून घेत होतीस. मला फार बरं वाटलं. तुला मी बीजगणितापासून सगळं शिकवलं होतं, पण माझं स्वतःचं काम कधी कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी तू विचारलंस, यंदा त्या भागात पाऊस कमी, ऊस कमी, कारखान्यांची उसासाठी पळवापळवी चाललीय. मग ही कंपनी उतारा वाढणार असं कसं सांगते? मी म्हणालो, वाण बदलला असेल, यंत्रं नवी आणली असतील. तू म्हणालीस, बघते.

आणि तू लक्ष्मण मुकादमाला फोन केलास. पाथर्डीकडची त्याची ऊसतोडीची टोळी बरीच वर्षं आपल्या वस्तीजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहायची, तुझ्या आईनं त्याच्या बायकोचं बाळंतपण बघितलेलं. ती टोळी त्या साली नेमकी त्या कंपनीच्या भागात तोडीला गेली होती. तू फोन स्पीकरवर टाकलास.

"ताई, दहा-दहा महिन्याचा तोडून ऱ्हायलो," तो म्हणाला. "लई हलका. गाडी भरती पन वजन न्हाई भरत. आमाला परवडंना."

वय नक्की कळावं म्हणून तू त्याला उसाच्या कांड्या मोजायला लावल्यास. मग त्याच्याकडून दुसऱ्या मुकादमांचे नंबर घेतलेस, त्यांनाही मोजायला लावल्यास. ज्यांना वजनावर मजुरी मिळते, त्यांना उसाचं वय चुकीचं कळणार नाही, असं तू म्हणालीस. कोवळ्या उसात साखर नसते, हे तर मीच तुला शिकवलं होतं. तू लिहिलंस की हा उतारा येणार नाही, या कंपनीत पैसे लावू नयेत.

मला ते पटायला हवं होतं. पण मी चिडलो. त्या दिवशी ओट्यावर तात्या होता, कारखान्यातले आणखी दोघे होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो की टोळीवाल्यांना विचारून उतारा काढायचा असेल तर प्रयोगशाळा कशाला बांधतात. तू आधी हसण्यावारी नेलंस. मी आणखी बोललो. एकतीस वर्षं झाली म्हणालो, आकडा बघून सांगतो म्हणालो. तेव्हा तू वही मिटलीस.

"नाना, तुम्ही नळीतला रस बघितला," तू म्हणालीस. "ऊस कुणी बघितला?"

तात्या मांडीवर थाप मारून हसला. "नाना, पोरीनं तुम्हालाच काट्यावर घातलं की." बाकीचेही हसले. तू मात्र हसली नाहीस. तू खरंच उत्तराची वाट बघत होतीस. मी उठून आत गेलो.

चार दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू मुंबईला जाऊन आलीस. चौघांनी तुला तासभर फैलावर घेतलं, म्हणालीस. तिघांनी तुझ्याविरुद्ध बाजू घेतली आणि तू हटली नाहीस, तेव्हा त्यातला म्हातारा म्हणाला की आम्हाला अशीच माणसं हवीत. आता फक्त जिथं काम केलंस तिथं चौकशी करतील. जिथं काम केलंस म्हणजे माझ्याकडे. नातं तू त्यांना सांगून टाकलं होतंस, लपवलं नव्हतंस. "नाना, मुंबईहून फोन येईल," असं तू दारातून दोनदा सांगितलंस. मी पेपर वाचत होतो. मी वर बघितलं नाही.

त्याच आठवड्यात वहिनींनी कोपरगावकडच्या एका स्थळाला माझा नंबर दिला होता. इथपर्यंत तात्याची गोष्ट खरी आहे. फोन आला तेव्हा बाईचा आवाज होता, मराठीच बोलत होती. स्वातीला किती दिवसांपासून ओळखता? मी म्हणालो, जन्मापासून. स्वभाव कसा आहे? मी म्हणालो, गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला खरंच वाटलं की मुलाची आत्या-मावशी कुणीतरी असेल.

मग तिनं तिसरा प्रश्न विचारला. वरिष्ठांचं मत चुकीचं वाटलं तर स्वाती काय करते?

स्वाती, असा प्रश्न कुठलीही आत्या विचारत नाही. मला त्या क्षणी कळलं. फोन कुणाचा आहे ते कळलं, आणि त्यांना काय ऐकायचंय तेही कळलं. कारण तू त्या म्हाताऱ्याचं वाक्य मला सांगितलं होतंस. मला फक्त ओट्यावरची गोष्ट सांगायची होती. एवढीच, जशी घडली तशी. ती ऐकून त्या बाईनं तुला तिथल्या तिथं नोकरी दिली असती.

मी म्हणालो, "छे हो. तिला उलट बोलणं ठाऊकच नाही. सांगितलं तेवढं करते."

बाई म्हणाली, पण साखरेच्या अहवालात तर तिनं अगदी ठाम भूमिका घेतलीय. आणि मी म्हणालो, "ते सगळं माझं आहे. मी सांगत गेलो, तिनं लिहून घेतलं."

हे ते वाक्य. हे तात्याला माहीत नाही, तुझ्या आईला माहीत नव्हतं. बाईनं आभार मानले आणि फोन ठेवला. मी पेपर उचलला आणि वाचायला लागलो. काय वाचलं ते आठवत नाही, पण मला बरं वाटत होतं, हे आठवतं. तासभर तरी बरं वाटत होतं.

नकार आला तेव्हा कारण म्हणून एकच ओळ होती, स्वतंत्र विचाराबद्दल खात्री पटली नाही. तू ती ओळ मोठ्यानं वाचलीस. वहिनी म्हणाल्या, म्हणजे काय? तू म्हणालीस, म्हणजे मी फार गुणी आहे. मग माझ्याकडे वळून विचारलंस, फोन आला होता का? मी सांगितलं की आला होता, पण मला वाटलं स्थळ आहे, म्हणून म्हणालो की पोरगी उलट बोलत नाही. तू दोन क्षण माझ्याकडे बघितलंस आणि इतकी हसलीस की खाली बसलीस. मी जीव वाचल्यासारखा हसलो. जेवणं झाल्यावर, मी हात धुताना, तू परत विचारलंस, "नाना, आणखी काही विचारलं होतं का त्यांनी?" मी नाही म्हणालो. तू टॉवेल पुढं केलास आणि म्हणालीस, "बरं."

त्या एका "बरं"नं मला दहा वर्षं छळलंय. तुला कळलं होतं का? त्या म्हाताऱ्याला किंवा त्या बाईला तू नंतर कधी फोन केला होतास का? की ते नुसतंच "बरं" होतं, आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो तसं? कळलं असेल तर तू भांडली का नाहीस? माझ्याशी तू चहातल्या साखरेवरून भांडायचीस. मीठ, मत, मोटारसायकलचा वेग, सगळ्यावरून भांडलीस आणि जिथं भांडायचा हक्क होता तिथं माझी नक्कल करून लोकांना हसवत राहिलीस. मला याचा राग येतो. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क नाही, तरी येतो.

पुढच्या वर्षी त्या हंगामाचे आकडे आले, कंपनीचा उतारा पडला होता. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. तू सकाळी चहाच्या कपाशेजारी पेपर त्या पानावर दुमडून ठेवलास आणि कॉलेजला गेलीस.

तोवर तू श्रीरामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागली होतीस. मधल्या काळात आणखी सात-आठ मुलाखती दिल्यास. प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचे, एवढ्या पुढं जाऊन तिथं का नाही झालं? मग विचारायला लागले, वय किती, मध्ये खंड का पडला, शिकवता ना, मग इकडं का येता? एकदा तर तुला ठाण्यापर्यंत बोलावून दोन तास बसवलं आणि सांगितलं की जागा कालच भरली. त्या दिवशी तू एस.टी.तून उतरलीस ती पायातली चप्पल हातात घेऊन. तिचा अंगठा तुटला होता. मी स्टँडवर न्यायला आलो होतो. "नाना, आता बास," एवढंच म्हणालीस. मी गाडीला किक मारली. तेव्हा सांगता आलं असतं. स्टँडपासून घरापर्यंत मोकळा रस्ता होता, तू मागं बसली होतीस, माझं तोंडही तुला दिसत नव्हतं. त्या दिवसाइतकं सोपं पुन्हा कधीच नव्हतं. मी तुला विचारलं, भूक लागलीय का?

घाटावर बोललेली ती तुझी विद्यार्थिनी. तिनं सांगितलं की मॅडम आम्हाला बाजारात पाठवायच्या, कापसाच्या व्यापाऱ्याशी बोला, मोंढ्यावर जा, आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ज्यानं माहिती दिली त्याचं नाव लिहा. नाव नसेल तर मॅडम वही परत करायच्या. हे ऐकताना माझ्या मानेवर कुणी गरम हात ठेवावा तसं झालं. वाटलं, हे माझ्यासाठी होतं.

ते माझ्यासाठी नव्हतं. परवा वहिनींनी तुझं कपाट उघडायला सांगितलं, त्यात तो अहवाल सापडला. बावीस पानं, तारेनं टाचलेली. मी तो याआधी कधी वाचलाच नव्हता. माझंच आहे म्हणालो होतो आणि वाचला नव्हता. पहिल्या पानावर तू आधीच आभार लिहिले होतेस. उतारा कसा काढतात हे शिकवल्याबद्दल माझं नाव. उसाचं वय आणि कांड्या सांगितल्याबद्दल लक्ष्मण मुकादम आणि आणखी तिघं, गावासकट. म्हणजे त्या बाईच्या समोर हे पान होतं. कुणी काय केलं ते तू सरळ लिहून दिलं होतंस, आणि पांढऱ्या केसांचा, कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस फोनवर सांगत होता की हे खोटं आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता.

काल दुपारी मी हे सगळं वहिनींना सांगितलं. वाटलं होतं त्या रडतील, बोलतील. त्या शेंगा निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तिला ठाऊक हुतं का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी सूप बाजूला केलं. "मला म्हनली हुती येकदा," त्या म्हणाल्या. "नानांना काई इचारू नको त्या फोनचं. त्यांना लागतं." मग त्या उठून आत गेल्या. चहा आज सकाळीही आला, पण शेजारच्या सूनबाईनं आणून ठेवला.

म्हणजे ठाऊक होतं? की माझ्या भोळेपणाची मला लाज वाटते म्हणून तू जपत होतीस? वहिनींच्या त्या वाक्याचे मी रात्रीपासून दोन्ही अर्थ लावून बघतोय आणि दोन्ही मला सारखेच खुपतात. तू असतीस तर एका शब्दात सांगितलं असतंस. तू शेवटी तापानं पडलीस, दवाखान्यात मी रोज खाटेशेजारी बसायचो, आणि रोज ठरवायचो की जरा उतार पडला की बोलू. अकराव्या दिवशी तू गेलीस. तेव्हाही मी आकडा खाली येण्याचीच वाट बघत होतो. तू समोर होतीस, मी थर्मामीटर बघत होतो.

तुझ्या कॉलेजच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. तुझे गुण लिहा म्हणालेत. मी हाच देणार आहे. तात्या वाचेल, तुझी पोरं वाचतील, लक्ष्मण मुकादमाला कुणीतरी वाचून दाखवेल. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणतील. मुंबईच्या त्या चौघांपैकी कुणी हे वाचण्याची शक्यता नाही, आणि वाचलं तरी आता काय.

त्या पहिल्या पानावर तू माझ्याबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे. उतारा कसा काढतात हे मी शिकवलं. अहवालात माझं आहे ते तेवढंच. बाकीचं एक अक्षर माझं नाही.

आणि ओट्यावर चारचौघांत तू एक प्रश्न विचारला होतास. तू वही मिटून उत्तराची वाट बघत होतीस आणि मी उठून आत गेलो होतो.

ऊस तू बघितलास, स्वाती. मी नाही बघितला.

— नाना